नदीखालच्या कप्प्यातला माणूस

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. चौथी शिकलेली बाई आहे, पण डोकं ठिकाणावर आहे. कोथरूडला माझं फोटो फ्रेमचं दुकान. गेलेल्या माणसांचे फोटो काचेआड घालण्यात जन्म गेला, एकानेही कधी पापणी हलवली नाही.

माझ्या नवऱ्याचा मात्र फोटो नाही. विहिरी खणायचा. खडकवासल्याकडे एका विहिरीची कड आत आली आणि तो खाली गाडला गेला. दत्ता तेव्हा पोटात होता. फोटो काढायची ऐपत कुठली... श्राद्धाला आम्ही पाटावर फोटोच्या जागी सुपारी ठेवतो.

दत्ता लहानपणी विचारायचा, "बाबा कसे दिसायचे?"

"माणसासारखे," मी म्हणायचे. चेहरा काय सांगून कळतो?

हिंजवडीत कंपन्या उभ्या राहत होत्या तेव्हाची गोष्ट. एका कंपनीच्या बाई भिंतीवर लावायला जुनी विलायती छापील चित्रं घेऊन आल्या. वर नदी, नदीत जहाजं, आणि तळाखालून बोगदा खणणं चाललेलं. लोखंडी कप्पे एकावर एक, प्रत्येक कप्प्यात एकेक माणूस पाठमोरा माती उकरतोय.

"वरचं पाणी आत आलं तर?" मी विचारलं.

"आलं होतं ना, आजी. माणसं गेली त्यात."

"आणि तुम्ही ते ऑफिसात लावणार. छान."

दुपारी शेवटच्या चित्राची काच पुसली, तर खालच्या कप्प्यातला माणूस मान वळवून बघत होता. डावी भुवई मधोमध तुटलेली – नवऱ्याची पहार लागून तुटली होती, तशीच. चष्मा पुसला, काच पुन्हा पुसली. तोच. मी फ्रेम बंद केली, मागे खाकी कागद डिंकाने चिकटवला आणि भिंतीला टेकवून ठेवली.

दत्ता डबा घेऊन आला. कंपनीची बस चालवायचा तेव्हा. चित्रापाशी थबकला.

"आई, हा माझ्यासारखा दिसतो गं."

"तुझा बाप आहे."

तो हसला. मग त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं. स्टूल ओढून चित्रासमोर बसला तो दुकान बंद होईपर्यंत.

"हे ठेवून घेऊ या ना."

"दुसऱ्याची वस्तू आहे," मी म्हटलं.

सकाळी बाई न्यायला आल्या. चित्रात सगळ्यांच्या पाठी आमच्याकडे... खालच्याचीसुद्धा. मागचा कागद जसाच्या तसा चिकटलेला. बाईंजवळ त्याच चित्राची लहान प्रत होती, तिच्यातही पाठच.

"छापलेला माणूस वळेल कसा, आजी?"

बरोबर आहे. वळत नाही.

संध्याकाळी मी दत्ताला एवढंच विचारलं, "काल त्याच्या तोंडावर खूण कसली दिसली तुला?" त्याने डाव्या भुवईच्या मध्यावर बोट ठेवलं. भुवईचं मी त्याला कधीच सांगितलं नव्हतं.

एका म्हातारीचे डोळे फसतील. दोघांचे, एकाच जागी? मला माहीत नाही, आणि ज्यांना विचारलं त्यांनाही नाही.

सुपारी आम्ही अजून ठेवतो. पूर्वी दत्ता तिच्याकडे टक लावून बघत नमस्कार करायचा. आता डोळे मिटून करतो.