तिनं अडवलेलं शेत

शेवटच्या दिवशी आम्ही दोघं ओटीवर वालाचं बियाणं निवडत होतो. किडका दाणा मी फेकायचो, बायको तो उचलून जमिनीवर मांडायची. हा गोलकीपर, ही आपली पोर, इकडून बॉल.

"अवो, बघा. पोर पाठमोरी उभी करायची. मी 'डावी' म्हटलं की वळून मारायचं."

"रोज समोरून मारा की. पाय बसेल."

"सामन्यात बॉल इचारून येतो काय?"

रोह्याच्या शाळेत ती शिपाई होती. मैदानावर चुन्याच्या रेघा मारता मारता फुटबॉल शिकली. रिटायर झाली आणि आमच्या कासू गावच्या पोरी गोळा केल्या. अशी बाई तुम्ही पण बघितली असेल, जेवताना सुद्धा अर्धी उठलेली.

मागच्या साली पोरी रोह्यात हरल्या. सगळे बॉल थेट गोलकीपरच्या हातात. तेव्हापासून हिला चैन नाही. बांबूच्या गोलाच्या दोन कोपऱ्यांत गोणपाट टांगलं. बॉल त्याला लागला तरच गोल धरायची. एकीच्या उजव्या पायात माझा गमबूट घातला, म्हणजे डाव्यानंच मारेल. पोर रडायला लागली.

"रड, पण डाव्यानं मार."

हे सगळं आमच्या शेतात. भात कापलं की ओल आहे तोवर वाल टाकायचा, ही आमच्याकडची रीत. हिला यंदाच्या सामन्यापर्यंत शेत मोकळं पाहिजे. ओल काय थांबते? मी नांगरणीसाठी टिलरवाल्याला दुसऱ्या सकाळचं सांगून टाकलं होतं.

"एक महिना थांबा नं."

"मग वर्षभर काय गोल शिजवून घालणार हायस गो?"

ती हसली नाही. दाणे गोळा केले नि उठली.

दुपारी तिच्या छातीत कळ आली. पेणला न्यायला रिक्षा केली. वडखळ यायच्या आतच गेली. संध्याकाळी अग्नी दिला.

सकाळी घर माणसांनी भरलेलं. मला बसवेना. शेतावर गेलो. टिलरवाला बांधावर उभा होता, त्याला कळलं होतं.

"काका, आज राहू दे काय?"

"आजचंच नाय, यंदाच नको. जा."

पोरी पण आल्या होत्या. त्यांचं काय करायचं ते मला सुचेना. बॉल उचलला. जन्मात कधी हात लावला नव्हता.

"पहिला नंबर कुणाचा?"

एक पुढं आली. मी टाकलेला बॉल वाकडाच गेला, पार बांधाखाली. पोर तिकडं पळाली.

"आण इकडं," मी म्हटलं. "परत टाकतो."