जमनाबाईंची करंगळी

नंदुरबारच्या आमच्या मिरची कारखान्यात मी पंधरा वर्षं कारकून आहे आणि तेवढीच वर्षं जमनाबाई सांगतील ते वहीत उतरवतोय. जमनाबाई पथारीवरच्या, म्हणजे मिरची वाळवायच्या मैदानावरच्या मुकादम. मूठभर मिरच्या दाबून त्या ओलावा सांगणार, प्रत सांगणार, मी लिहिणार.

यंदा सेठनी वही बंद केली आणि वजनकाट्याशेजारी टॅब बसवला. नोंद मुकादमानंच करायची. शिकवायला धुळ्याहून धीरज नावाचा तरुण आला. "या बाईंना जमेल?" त्यानं मला विचारलं. "कसलं जमतंय," मी म्हणालो. खोटं कशाला बोलू, मीच म्हणालो.

पहिल्याच दिवशी जमनाबाईंनी उजव्या हाताच्या बोटानं चार नोंदी केल्या. चारही बरोबर! मग धीरजनं त्याच पडद्यावर बोट फिरवून काहीतरी समजावलं आणि सवयीप्रमाणे चष्मा वर करून डोळा चोळला. पुढचा अर्धा तास बिचारा नळाखाली होता.

सेठ वैतागले. "बायकांचे हात दिवसभर मिरचीत. धुतले तरी तिखट जात नाही, हातमोजे घातले तर पडदा दाद देत नाही. टॅबवर बाहेरची माणसं ठेवू. जमनाबाई, तुम्ही देठं खुडायला बसा."

तीस वर्षांपूर्वी जिथून सुरुवात केली, तिथेच परत! मला संताप आला, पण मी गप्प बसलो. जमनाबाई बसल्या नाहीत.

"सेठ, आठ दिन द्या. मी करी दखाडसू."

दुसऱ्या दिवशी त्यांनी टॅब स्वच्छ पुसून घेतला आणि तेव्हापासून त्याला फक्त डावी करंगळी लावली. रविना, त्यांची मुलगी, अंगावर पीत होती तेव्हा तुळशीबाई नावाच्या जुन्या मजूरबाईनं त्यांना बजावलं होतं, की डाव्या करंगळीला मिरची लागू द्यायची नाही. लेकराचं तोंड पुसायला एक बोट कोरं हवं. पथारीवरच्या सगळ्याच बायका ते बोट वर धरून काम करतात. पंधरा वर्षं मी ते बघत होतो आणि नखरा समजत होतो. इतका मी शहाणा!

पण करंगळी म्हणजे हाताचं सगळ्यात बावळट बोट. ती घसरायची, भलत्याच चौकटीवर पडायची. बाराचे बावीस व्हायचे. जमनाबाई स्वतःलाच शिव्या घालत खोडायच्या आणि पुन्हा भरायच्या. जेवणाच्या सुट्टीत तेच, घरी रविनाच्या फोनवर तेच.

आठव्या दिवशी सेठ स्वतः काट्याजवळ उभे राहिले. साठ पोती झाली. एकही चूक नाही.

"नोंदी ठीक आहेत," सेठ म्हणाले. "पण तिखटाचं काय?"

"पडदाले बोट लावा, सेठ, आनि मंग डोयाले लावा."

सेठचा हात खिशात गेला. तेवढ्यात धीरज पुढे आला. त्यानं चष्मा काढला, सगळ्या पडद्यावरून बोट फिरवलं आणि तेच बोट डोळ्यावर चोळलं. माझी नजर नळाकडे गेली.

डोळा उघडाच होता.

"बरं," सेठ म्हणाले, "मुकादमी तुमचीच. बाकीच्या बायकांनाही शिकवून घ्या."

धीरजनं स्वतःची डावी करंगळी हलवून बघितली. "मला तर ह्या बोटानं येत नाही. शिकवणार कोण?"

"मी शे ना," जमनाबाई म्हणाल्या.