वरळीला समुद्र बघत थांबलेली गाडी

परळला एका बंद गिरणीच्या भिंतीलगत रविवारी सकाळी जुन्या गाड्या येऊन उभ्या राहतात. गाड्यांचे मालक बॉनेट उघडून एकमेकांच्या इंजिनात डोकं घालतात, कटिंग चहा पितात आणि भांडतात. भांडण खरं नसतं, पण आवाज खरा असतो. मी आमच्या गाडीत बसून ऐकते. चार माणसांत बोलायला मला जमत नाही, ऐकायला मात्र फार आवडतं.

आमची गाडी दुधी रंगाची. आमचे हे एका ऑफिसात ड्रायव्हर होते आणि वर्षानुवर्षं हीच गाडी चालवत होते. ऑफिसने ती भंगारात काढली, तेव्हा ह्यांनी ती मागून घेतली. ऑफिसची होती तेव्हा साहेब मागे बसायचे. मी मागे बसत नाही. ह्यांच्या शेजारी बसते, काच खाली करून.

या मंडळींची सव्वीस जानेवारीला एक फेरी असते. परळहून दादर, तिथून वरळीच्या समुद्राकडेने गिरगाव चौपाटी. तिथे गाड्या लावायच्या, सगळ्यांनी उभं राहून संविधानाची उद्देशिका म्हणायची आणि मग वडे खायचे. हे उद्देशिकेचं ह्यांनी सुरू केलं. आमच्या चाळीत सव्वीस जानेवारी म्हणजे घरचा सण. माझे सासरे गिरणीत होते. त्या दिवशी ते पांढरं धोतर, पांढरा सदरा घालायचे, भिंतीवरच्या फोटोला हार घालायचे आणि पोरांना समोर बसवून उद्देशिका म्हणून घ्यायचे. सून म्हणून आले तेव्हा मलाही बसवलं. चौथीनंतर शाळा सुटली होती माझी, पण ते पाठ झालं ते कायमचं. सासऱ्यांनी आयुष्यात कधी मोटारीत पाय ठेवला नाही. म्हणून त्या दिवशी आपली गाडी घेऊन निघायचं, याचं ह्यांना फार अप्रूप.

पण गिरगावच्या वकीलकाकांना ही तारीख पसंत नव्हती. काका म्हणजे पंचाहत्तरीचे, वडिलांची काळी मोठी गाडी जिवापाड जपलेले. त्या गाडीला चढायला बाजूने पायरी आहे. त्यांचं म्हणणं, फेरी पंधरा ऑगस्टला हवी.

"काका, तुम्ही वकील ना?" हे म्हणाले. "जन्मभर घटनेवर पोट भरलंत आणि सव्वीस जानेवारीला नावं ठेवता?"

"नावं कुठे ठेवतोय? मी क्रम सांगतोय. स्वातंत्र्यच नसतं, तर तुमची घटना लिहिली असती कुणी? थोरला भाऊ पंधरा ऑगस्ट."

"थोरला आहे, पण रडका आहे. दर वर्षी पाऊस."

"तो आनंदाश्रू ढाळतो रे!"

लालबागचे दादा जीपच्या टायरवर बसले होते. मालवणचे, ते कुणाचीच बाजू धरत नाहीत, दोन्हीकडे पेटवून देतात. म्हणाले, "पंधरा ऑगस्टाक काकांच्या गाडीत बसलंय, तर आतमध्ये छत्री उघडूक लागली. फेरी नको, होडी काढूया."

"आणि जानेवारीत काय होतं?" काका ह्यांच्याकडे वळले. "गेल्या वर्षी तुझी गाडी महालक्ष्मीला बसली. त्याच्या आदल्या वर्षी पेडर रोडला. सगळी फेरी तुझ्यापायी उन्हात उभी. पावसाळ्यात इंजिन तरी थंड राहतं."

हे खरं होतं. आमच्या गाडीचा आजार जुना. गर्दीत हळूहळू चालवली की इंजिन तापतं, पेट्रोलची नळीतच वाफ होते आणि पंपाला पेट्रोल ओढता येत नाही. गाडी गप्प बसते. औषध एकच, पंपावर ओला फडका ठेवायचा आणि थांबायचं. हे जुन्या गाडीवाल्यांना सगळ्यांनाच माहीत. आमच्याकडे ते खातं माझं. माझ्या पांढऱ्या सुती साडीचे फडके करून ठेवलेत, पायाशी पाण्याची बाटली असते.

"मग पैज लावा," दादा म्हणाले. पेटवलंच.

काकांनी लगेच कलम घातलं. या सव्वीस जानेवारीला एक जरी गाडी वाटेत बंद पडली, तर पुढच्या वर्षापासून फेरी पंधरा ऑगस्टला. नाही पडली, तर काका पुन्हा तारखेचा विषय काढणार नाहीत.

"स्वतःहून थांबवली तर?" ह्यांनी विचारलं.

"थांबवणं वेगळं, बंद पडणं वेगळं. चावी तू फिरवलीस तर मान्य. गाडीने स्वतः निर्णय घेतला, तर तू हरलास."

"मान्य," हे म्हणाले. आणि सगळ्यांनी आमच्या गाडीकडे बघितलं.

घरी आल्यावर मी म्हटलं, "काय गरज होती मान्य म्हणायची?" हे पाना घेऊन खाली उतरले. पुढचे सगळे दिवस रोज संध्याकाळी खाली जाऊन पंप, नळी, पंखा, सगळं उघडून बसायचे. वर आले की हाताला पेट्रोलचा वास. एकदाच म्हणाले, "तारीख गेली, तर नुसती मोटार फिरवणं राहील गं." मी चार फडके जास्तीचे शिवले.

त्या दिवशी सकाळी हवा छान गार होती. ह्यांनी पांढरा सदरा घातला होता, सासऱ्यांसारखा. सगळ्या गाड्यांच्या पुढे छोटा तिरंगा. काकांनी आपली गाडी मुद्दाम आमच्या मागे लावली.

"साक्षीदार मागेच हवा," ते खिडकीतून ओरडले.

दादरला परेडची गर्दी. गाड्या मुंगीच्या पावलाने सरकत होत्या. तापमानाचा काटा वर चढायला लागला, तसे हे स्टिअरिंग घट्ट धरून बसले. मग एकदम गाडी कडेला घेतली आणि चावी फिरवली. मान बाहेर काढून म्हणाले, "मी थांबवलीय हां! मी!"

"दिसलं, दिसलं," मागून काका. "नोंद घेतली."

मी उतरून फडका ठेवला, पाणी शिंपडलं. काका आपलं इंजिन चालू ठेवूनच थांबले होते. वडिलांची गाडी तसल्या नखऱ्यांची नाही, असं ते नेहमी सांगतात. थोड्या वेळाने आमची चालू झाली, एका झटक्यात. बाकीचे पुढे निघून गेले होते. आम्ही दोघेच मागे, पुढे आम्ही, मागे काका.

वरळीला समुद्र दिसला आणि ह्यांनी मोठा श्वास सोडला. मी आरशात बघितलं. मागे काळी गाडी नव्हती.

"अहो, काका दिसत नाहीत."

ह्यांनी गाडी वळवून मागे आणली. काकांची गाडी कठड्यालगत उभी होती. बॉनेट बंद. काका दोन्ही हात पाठीमागे बांधून समुद्राकडे तोंड करून उभे.

"काय काका?"

"काही नाही. समुद्र बघतोय."

गाडीच्या पत्र्यातून गरम झळ येत होती. ओहोटी होती, समुद्रात बघण्यासारखे नुसते काळे दगड. मला वाटलं, आता काका जिंकले. एवढंच म्हणायचं होतं त्यांनी, गाडी बंद पडली म्हणून. तारीख त्यांचीच होती. पण ते तसं म्हणत नव्हते. वडिलांची गाडी बंद पडली, हे त्यांच्या तोंडून निघत नव्हतं. आणि ह्यांना तर ते विचारायचंच नव्हतं. हे त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले. दोघेही दगड बघत होते.

मी बाटली आणि फडका घेऊन उतरले.

काकांनी मान वळवली नाही. म्हणाले, "वहिनी, बॉनेटची कडी सैल आहे. वर उचलली की उघडते."

फडका ठेवला तर चर्र झालं. दुसरा ठेवला. तेवढ्यात दादांची जीप उलट फिरून आली.

"काय झाला? बंद पडली?"

"नाही!" दोघेही एकदम ओरडले.

दादा इंजिनाकडे बघत होते. "मग ह्यो फडको कसलो?"

काकांनी पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. ह्यांनीही. मी बाटलीचं झाकण लावायला गेले. पण तोंडातून निघून गेलं, "काका समुद्र बघत होते ना, म्हटलं गाडीनेही तोंड धुवून घ्यावं."

दादा इतके हसले की जीपला टेकून बसले. हसत हसत म्हणाले, "वहिनी बोलतत!" काकांना ठसका लागला. मग ते आपल्या गाडीत बसले, चावी फिरवली. एकदा कण्हली, आणि मग चालू झाली. मला इतकं बरं वाटलं, जसं काही आमचीच चालू झाली.

चौपाटीवर सगळे वाट बघत होते. कुणीतरी विचारलं, "काय काका, निकाल?"

काका पायरीवर उभे राहिले. कोर्टात राहत असतील तसे. "साक्षीदार म्हणून सांगतो, एकही गाडी बंद पडलेली नाही. काही गाड्या थांबल्या. तारीख सव्वीस जानेवारीच." आणि उतरताना हळूच ह्यांना म्हणाले, "चल, उद्देशिका सुरू कर. वडे थंड होतायत."

हे दर वर्षी सुरुवात करतात. या वेळी ह्यांच्या तोंडून पहिला शब्दच निघेना. मग मी सुरू केलं. आवाज मोठा नव्हता माझा, वाऱ्याने किती जणांना ऐकू गेला कोण जाणे, पण शेजारून ह्यांनी धरला, मग काकांनी, मग सगळ्यांनी. आमच्या गाडीचा तिरंगा फडफडत होता. मला सासऱ्यांचा पांढरा सदरा आठवला आणि वाटलं, ते इथे असते तर पुढच्या सीटवर मी त्यांना बसवलं असतं.

माझे दोन फडके काकांच्या गाडीत राहिले. मी मागितले नाहीत. परवा रविवारी बघितलं, काकांच्या सीटखाली पाण्याच्या बाटलीशेजारी ते नीट घडी करून ठेवलेले होते.