देवाला दिलेला पत्ता

सिंगापुरात सेंगकांगला आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एक तमिळ आंटी राहतात. दरवर्षी त्या तमिळनाडूला जातात आणि पळणीचं मुरुगनचं देऊळ, नागूरचा दर्गा, वेलांकण्णीचं चर्च एकाच फेरीत करून येतात. निघण्याआधी मजल्यावरचं प्रत्येक दार वाजवून कुणासाठी काय मागायचं ते विचारतात. आणि मागताना म्हणे ब्लॉक, मजला, दार, सगळं सांगतात.

"इतकी माणसं सांभाळायची त्याला. नीट पत्ता नको, लाह?" त्या खास सिंगापुरी हेल काढून म्हणतात.

मी देवाधर्मातला नाही. दरवेळी हसून "काही नको" म्हणायचो. यंदा मात्र मुलगी डेंग्यूने हॉस्पिटलमध्ये होती, प्लेटलेट्स उतरतच होत्या. आंटींनी विचारलं आणि मी मुकाट्याने वॉर्ड आणि बेड नंबर सांगून टाकला.

त्या परत आल्या तेव्हा दार मुलीनेच उघडलं. पळणीचं पंचामृत, दर्ग्यातली साखर आणि चर्चमधल्या तेलाची बाटली तिच्या हातात देऊन आंटी तिच्याकडे बघतच राहिल्या.

"घरी कधी आली?"

"तुम्ही पळणीला पोचायच्या आतच," मी म्हणालो. मग मलाच ओशाळल्यासारखं झालं. तिन्ही ठिकाणी बाईंनी हॉस्पिटलचाच पत्ता दिला असणार. "आंटी, तुमचं मागणं वायाच गेलं की."

आंटी दाराबाहेर काढलेल्या चपला पायात सरकवत होत्या.

"वाया कसं जाईल? त्या बेडवर आता दुसऱ्या कुणाचं तरी मूल असेल."