तिकीट फाडण्याआधी

प्रवाशाने तोंड उघडायच्या आत नानांचा चिमटा तिकिटावर टिकटिकलेला असायचा. जालन्याहून घनसावंगीमार्गे कुंभार पिंपळगावला जाणाऱ्या गाडीवर ते कंडक्टर होते, आणि कोण कुठे उतरणार हे त्यांना चेहऱ्यावरून कळायचं. एखादी म्हातारी कनवटीला हात घालत "मला, बाबा..." म्हणेपर्यंत नाना म्हणत, "समजलं, समजलं. लेकीकडं. घनसावंगी. बसा." म्हातारी कौतुकाने बघायची, गाडी कौतुकाने बघायची आणि नाना ऐटीत डबल बेल मारायचे.

नाना माझे सख्खे मामा. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी जालन्यात नोकरीला लागलो तेव्हा त्यांच्याच घरी राहत होतो. घरीही त्यांचा चिमटा चालूच असे.

"अहो, पीठ..." मामी म्हणायची.

"समजलं. संपलं."

"संपलं न्हाई, किडे झालेत."

"तेच ते. नवं आणतो."

शेवटी मामी अर्धीच वाक्यं बोलायला लागली. उरलेली हे बोलणारच, तर आपण कशाला तोंड दुखवायचं! आमचं सगळं घराणंच या जातीचं. माझ्याबद्दल विचाराल, तर माझ्या बायकोला काही महत्त्वाचं सांगायचं असलं की ती आजही आधी माझ्या ताटात गरम भाकरी वाढते आणि माझं तोंड भरेपर्यंत वाट बघते.

नानांची एकुलती एक मुलगी कमल. तिला कुंभार पिंपळगावला दिली होती. एकदा ती माहेरी आली, चार दिवस राहिली आणि परतायच्या सकाळी वडिलांच्याच गाडीत चढली. मीही कामासाठी घनसावंगीला निघालो होतो. कमल बसली नाही, दारापाशीच घुटमळली.

"नाना, मला आज..."

"समजलं. पिंपळगाव. खिडकीशी बस, उलटी होती तुला."

टिकटिक. लेकीला फुकट न्यायचं नाही हा त्यांचा नियम, म्हणून तिकिटाचे पैसे त्यांनी स्वतःच्या खिशातून पिशवीत टाकले. कमलने तिकिटाकडे बघितलं, वडिलांच्या पाठीकडे बघितलं आणि खिडकीशी जाऊन बसली. घनसावंगी येईपर्यंत तिने मान वळवली नाही. मी मागच्याच बाकावर होतो. माहेर सुटताना पोरी अशाच बसतात, असं मला वाटलं. म्हणजे तिचं उरलेलं वाक्य मीसुद्धा मनातल्या मनात पुरं करून टाकलं होतं.

उन्हाळ्यात तिला जालन्याच्या दवाखान्यात आणलं. डावा हात कोपरापाशी मोडलेला. विहिरीवर पाय घसरला, असं सासरचे सांगत होते. ते गेल्यावर नाना खाटेशी बसले.

"विहिरीवर शेवाळ असतंच, बाई. घाईत..."

"विहीर न्हाई, नाना," कमल म्हणाली. "त्यांनी ढकललं. त्या दिवशी गाडीत हेच सांगून राह्यले व्हते मी. मला जायचं न्हाई म्हणून."

"मंग सांगायचं न्हाई का!"

"कसं सांगू? तुम्ही तिकीट फाडलं व्हतं."

ती रागाने बोलली नव्हती. नाना उठून बाहेर व्हरांड्यात गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत.

त्यानंतर गाडीत चिमटा खिशात राहायला लागला. नाना प्रवाशापुढे उभे राहत, "कुठं?" म्हणत आणि थांबत.

"नाना, ओळख इसरले का? रोज घनसावंगीलाच जाऊन राह्यलो की मी!" एक दूधवाला खेकसला.

"आज बी तिथंच?"

"मंग कुठं जाऊ?"

"ते तू सांग."

गाडी हसली. पुढून ड्रायव्हर रहीमभाई ओरडले, "ओ नाना, गाडी लेट होरी ना! चेहरे देखके काटो जल्दी."

"चेहरा खोटा बोलतो, भाई," नाना म्हणाले. "होऊ द्या लेट."

घरी ते जास्त अवघड गेलं. "समजलं" तोंडातून निसटायचंच. मग ते स्वतःच्या मांडीवर चापट मारायचे. "चुकलो. पुन्हा सांग." पण मामीची पंचाईत अशी, की वाक्याचं शेपूट बोलायची तिची सवयच मोडली होती. "अहो, पीठ..." म्हणून ती थांबायची, नानाही थांबायचे, आणि दोघं एकमेकांकडे बघत बसायचे. मला हसू आवरत नसे. एकदा नाना मला म्हणाले, "हस तू. सवयीला स्टॉप पाठ असतो, बाबा. बेल न्हाई मारली तरी ती तिथंच उतरती. दर टायमाला दारात आडवा हात लावावा लागतो."

हात बरा झाला, पण वाकडा जुळला. मग सासरकडची चार माणसं तिला न्यायला आली. रविवारी आमच्या वस्तीतल्या विहारात बैठक बसली. सगळे बोलले. जावयाची चूक झाली, पुन्हा होणार नाही, पोरीने संसार मोडू नये. कमल खांबाला टेकून बसली होती. शेवटी एक वडीलधारे म्हणाले, "नाना, पोरगी नांदायला तयारच हाय. तुम्ही हो म्हणा, की मिटलं."

मी नानांच्या शेजारी होतो. त्यांचा अंगठा बोटावर दाबला गेलेला मला दिसला, चिमटा दाबावा तसा. मग त्यांनी मूठ उघडली.

"कमल, तू सांग. कोणी मधी बोलायचं न्हाई. मी बी न्हाई."

कोणी खाकरलं. सासरचे एक जण "लाजली ती..." म्हणाले, तर नानांनी नुसता तळहात वर केला. एवढी लांब शांतता आमच्या घराण्यात कुणी सोसलेली नव्हती.

"मला जायचं न्हाई," कमल म्हणाली.

"अजून काही?"

"इथं ऱ्हाऊन काम करीन."

"अजून?"

"न्हाई."

"मंग झालं," नाना म्हणाले आणि उठले.

कमल बियाणं निवडायच्या कामाला लागली. ते दशक सरता सरता नानांना अर्धांगाचा झटका आला. वाचा जवळजवळ गेली. एकेक अक्षर ओढून काढावं लागे, आणि आम्ही भोवती उभे राहून "पाणी? उशी? खिडकी लावू?" असा मारा करायचो. नाना डोळे मिटून घ्यायचे. कमल कामावरून आली की आम्हाला मागे सारायची. "पुन्हा सांगा, नाना," म्हणायची आणि वाकडा हात खाटेच्या कडेवर ठेवून बसून राहायची.

ते गेले त्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांचे ओठ हलायला लागले. "क... क..."

"कमल ना? इथंच आहे ती," मी म्हणालो. कमलने माझ्याकडे असं बघितलं, की मी भिंतीला जाऊन टेकलो.

मामीने दिवा लावला. नानांचा एक शब्द यायला तेवढा वेळ लागला.

"कुठं... जायचं... तुला?"

कमल हळू, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "कुठं न्हाई, नाना. मी इथं बराबर हाय."

तिचा शेवटचा शब्द संपेपर्यंत नाना तिच्याकडे बघत राहिले.