काकाजींची लांबलेली समाप्ती

छापील कागद हातात आला की त्यावरचे शेवटचे अक्षर वाचल्याशिवाय तो खाली ठेवायचा नाही, हे व्रत आमच्या अकोल्याच्या साडूंइतके कडक सबंध वऱ्हाडात दुसऱ्या कोणी पाळले नसेल. मी अमरावतीच्या कापूसबाजारात तोलाईचे काम करणारा माणूस आहे. पारड्यात उगीच वजन टाकण्याची मला सवय नाही. तरीही हे विधान मी जोखून करतो.

गाव त्यांना काकाजी म्हणे, म्हणून मीही म्हणत असे. कापसाचे बोजे बांधायला लागणारे दोरखंड आणि गोणपाट विकण्याचे त्यांचे दुकान होते. समुद्रापलीकडे कुठे लढाई लागली आणि आमच्या काळ्या मातीतल्या बोंडांना सोन्याचे मोल आले, त्या वर्षांत असे दुकान म्हणजे दारात दुभती म्हैस. माणसे तिरडीला खांदा देतानाही एकमेकांना भाव विचारीत. अशा दिवसांत काकाजी मात्र श्रावण लागला की तिसऱ्या प्रहरी दुकानाला कुलूप घालीत, अंघोळ करून धूतवस्त्र नेसत आणि ओसरीवर चौरंग मांडून पोथी वाचायला बसत. पोथी वाचणारे पुष्कळ असतात. पण काकाजी कोणतेही पुस्तक पोथीच्याच रीतीने वाचीत. पुस्तक भूगोलाचे असो की गोष्टींचे, त्याला हळदकुंकू, फूल, उदबत्ती ठरलेली. पान उलटताना बोटाला थुंकी लावायची नाही. पुढचे पान आधी चाळायचे नाही. "ते म्हंजे दुसऱ्याच्या ताटात डोकावनं," असे ते म्हणत. आणि मधेच उठायचे नाही. एकदा मुंबईकडचा एक दलाल गोणपाटाचा मोठा सौदा घेऊन ओसरीवर आला. काकाजींनी बोटाने त्याला बस म्हणून खूण केली आणि अध्याय चालू ठेवला. अध्याय संपेपर्यंत तो दलाल भिंतीला टेकून घोरू लागला होता. प्रसाद घेऊन तो गेला. सौदा करायचा राहिलाच.

पुस्तक संपले तरी काकाजी संपत नसत. मग ते छापखान्याचा पत्ता वाचीत, किंमत वाचीत, त्याच छापखान्यात मिळणाऱ्या इतर पुस्तकांची नावे वाचीत आणि सगळ्यांत शेवटी शुद्धिपत्र. शुद्धिपत्रातली प्रत्येक चूक घेऊन ते मागे जात, ते वाक्य काढीत आणि दुरुस्त करून पुन्हा खड्या आवाजात वाचीत. "चुकीचं आयकून लोक घरी गेले, तर पाप कोनाले?" असे त्यांचे म्हणणे. शुद्धिपत्र उघडले की ऐकणारे चपला शोधू लागत. अखेरपर्यंत राहणारे दोघेच: माझी मेहुणी, कारण घर तिचेच होते, आणि समोरचे रंगारी चाचा, कारण त्यांना गुडघ्यांमुळे लवकर उठता येत नसे.

एका श्रावणात मी बायकोला घेऊन महिनाभर तिच्या बहिणीकडे राहिलो होतो. बडनेऱ्यापर्यंत आगगाडी अजून पोचली नव्हती. बैलगाडीने हाडे खिळखिळी करून घेत आम्ही पोचलो, तेव्हा ओसरीवर संकल्प चालला होता. समाप्तीपर्यंतचा नेम धरणाऱ्याच्या हातावर काकाजी अक्षता ठेवीत. एकदा त्या अक्षता हातात घेतल्या की समाप्तीचा प्रसाद खाईपर्यंत गावाची शीव ओलांडायची नाही, अशी त्या आळीची रीत होती. आम्ही परगावचे, म्हणून घेतल्या नाहीत; शेजारच्या चंद्रभागेने घेतल्या.

चंद्रभागा घरी चरकीवर कापसातली सरकी काढून देण्याचे काम करी. तिचा नवरा गाडीवान. आदल्या हंगामात कापसाच्या गाड्यांबरोबर तो खानदेशाकडे गेला. बरोबरचे परत आले. हा तापाने वाटेत मागे राहिला, एवढेच त्यांनी सांगितले. त्यानंतर बातमी नाही. पोथी सुरू झाल्याच्या तिसऱ्याच दिवशी रिद्धपूरकडून तिचा थोरला भाऊ बैलगाडी घेऊन आला. माणूस वाईट नव्हता. बहीण एकटी राहते याची त्याला काळजी होती आणि लाजही होती. मेहुणा मेला असे त्याने मनाशी धरून टाकले होते. तिला माहेरी न्यायचे, कपाळ पुसायचे, तिचे घर मोडायचे, असे ठरवूनच तो आला होता.

"दादा, मी नाही येत," चंद्रभागा म्हणाली. "मले त्याचं मेलेलं कोनी सांगतलं नाही."

"अन् जिता हाय म्हनून तरी कोनं सांगतलं?" भाऊ म्हणाला.

शेवटी अक्षतांवर येऊन तो थांबला. देवाधर्माला भिणारा माणूस. शीव ओलांडण्याचा आग्रह त्याला धरवेना. "समाप्ती झाली का दुसऱ्या दिवशी बैलं जुंपतो," असे सांगून तो तिच्या अंगणात खाट टाकून राहिला. पोथी लहान होती, आठवड्यात संपणारी.

ती संपली. बायका प्रसादाच्या ताटाकडे पाहत होत्या. काकाजींनी पोथी बासनात बांधली, घसा खाकरला आणि मांडीखालून भूगोलाचे पुस्तक काढून चौरंगावर ठेवले.

"संकल्पात हेबी होतं," ते म्हणाले.

संकल्पात असले काही नव्हते, हे मी स्वतः ऐकले होते. मी तोंड उघडणार, तोच मेहुणीने माझ्याकडे असे पाहिले की मी ते मिटले.

त्यानंतर तो महिना जसा झाला तसा वाचनाचा महिना मी पुन्हा पाहिला नाही. पृथ्वी गोल असल्याचे आम्ही हात जोडून ऐकले. ज्वालामुखीच्या तोंडातून आग बाहेर पडली तेव्हा सगळ्यांनी "हरये नमः" म्हटले. भूगोलानंतर एका राजाची बखर, तिच्यानंतर अंगावरच्या गाठी आणि गळवांवरचे एक वैद्यकाचे चोपडे. ते ऐकून निम्म्या बायकांनी घरी जाऊन आपापली मान चाचपली. मग आगगाडीच्या उतारूंसाठी छापलेले नियम. अकोल्यात अजून कोणी गाडीत बसले नव्हते, पण डब्याच्या दारातून डोके बाहेर काढणारा नरकात जातो अशी आळीची पक्की समजूत झाली. प्रत्येक पुस्तकाचे शुद्धिपत्र अर्थातच झाले.

चंद्रभागेचा भाऊ रोज खांबाला टेकून दात आवळून बसे. गुरांच्या रोगांचे पुस्तक निघाले तेव्हा मात्र त्याचा धीर सुटला.

"काकाजी, हे खुरकुताचं कोन्या पुरानात हाय?"

"तुह्या बैलाले खूर नाही काय? आयक."

"तुमी मुद्दाम करून राहिले हे."

"मियाँ, किताब तो किताब है," कोपऱ्यातून रंगारी चाचा म्हणाले. "बैठ जाओ. मेरा भी घुटना दुख रहा, मैं बोला कुछ?"

तो बसला. त्याचा डावा बैल खरोखरच लंगडत होता. दुसऱ्या दिवशी औषधाची कृती त्याने काकाजींकडून तीनदा वाचून घेतली, आणि चंद्रभागा पदर तोंडाला लावून हसली. आल्यापासून मी तिला प्रथमच हसताना पाहिले.

महिना सरत आला तेव्हा घरात एकच पुस्तक उरले होते. एका व्यापाऱ्याची कल्पित गोष्ट. तो जहाजाने परदेशी जातो, जहाज फुटते, बायको किनाऱ्यावरच्या गावी वाट पाहत राहते. काकाजींनी ती पुढे चाळलेली नव्हतीच. गोष्ट चंद्रभागेचीच निघते आहे हे कळले तेव्हा मागे फिरण्याची सोय राहिली नव्हती. चंद्रभागा चौरंगाजवळ सरकून बसू लागली. शेवटचा भाग उरला आणि तिचा भाऊ उठून म्हणाला, "पोळा चार दिसावर आला. माह्या बैलायले माह्या दारात पुजा लागते. मी निंगतो. समाप्तीले येईन." गाडी शिवेपलीकडे गेली. काकाजींनी पुस्तकात मोराचे पीस घातले, पुस्तक मिटले, बासनात बांधले आणि देवघराच्या फळीवर ठेवले.

"उरलेलं?" मी विचारले.

"पाहू," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. मेहुणी सांगे की पुढे कित्येक दिवस त्यांना जेवण गेले नाही. घास घेताना नजर फळीकडे जाई.

ते पुस्तक तसेच राहिले. भाऊ आला की चंद्रभागा म्हणे, "समाप्ती बाकी हाय, दादा." तिने दुसरी चरकी घेतली, हाताखाली दोन बायका ठेवल्या. मग लढाई थांबली, कापूस उतरला, भावाचा आग्रहही उतरला. एका श्रावणात आम्ही बडनेऱ्याहून आगगाडीने अकोल्याला गेलो, डोकी आत ठेवून. त्याच दिवशी चंद्रभागा ओसरीवर येऊन बसली. भाऊही आला होता.

"काकाजी," ती म्हणाली, "ते पुस्तक काढा. आता आयकाची तयारी हाय माही."

काकाजींचा आवाज ज्वालामुखीलाही कधी हलला नव्हता. त्या दिवशी एकेका वाक्याला ते थांबत होते. शेवटच्या पानावर तो व्यापारी किनाऱ्याला लागला, दाढी वाढलेला, आणि त्याच्या बायकोने त्याला आवाजावरून ओळखले.



"चाला," चंद्रभागा म्हणाली, "पुस्तकातला तरी आला."

तिने हात पुढे करून प्रसाद घेतला. भावाने हळूच विचारले, "बैलं जुंपू काय?"

"जुंप. चार दिस राहून येतो माहेरी. पोळ्याच्या आत मले आनून सोड, चरक्या बंद ठेवता येत नाहीत."

तिच्या कपाळावरचे कुंकू होते तसे होते. त्याबद्दल भावाने काही विचारले नाही, आणि आम्हीही नाही. काकाजींनी चाळशी काढली, धोतराच्या सोग्याने पुसली, पुन्हा लावली आणि शुद्धिपत्र उघडले. त्या दिवशी कोणीही उठले नाही.