शिडी घरच्यानं धरायची

माकडाची आणि पन्हळ साफ करणाऱ्या रोबोची कथा मला मावळात तीन पाठांत मिळाली. सोमाटण्याच्या पाठात माकड तो घेऊन थेट आंब्यावर जाते. उर्से येथील पाठात ते त्याच्या ब्रशाने दात घासते! आमच्या वलवणच्या पाठात मात्र ते फक्त समोर येऊन बसते. साधा पाठ मूळचा मानण्याचा मोह अभ्यासकाने आवरावा, असे म्हणतात. पण इथे साक्षीदारच हयात आहेत आणि दर पावसाळ्याआधी माझ्या ओसरीवर चहा घेतात.

वलवणला बंद बंगले पुष्कळ, माणसे थोडी. माणसे थोडी असली की किस्से साचतात. तोच किस्सा त्याच श्रोत्यांना पुन्हा सांगावा लागतो आणि दर वेळी त्याला नवे शेपूट फुटते.

साक्षीदार म्हणजे बाळू आणि त्याची बायको शोभा. छपराच्या कडेच्या पन्हळींतला पाला काढणे हा त्यांचा धंदा. पूर्वी बाळू शिडीवर बसून खुरप्याने पाला काढी. आता रोबो आहे. बुटांच्या खोक्याएवढा, चाकांवर चालणारा, पुढे ब्रश आणि कॅमेरा. बाळू तो वर ठेवून खाली उतरतो, शोभा खालून रिमोटने चालवते.

* * *

तर माकड. एका बंद बंगल्याची पन्हळ साफ होत होती. अचानक शोभाच्या स्क्रीनवर भलामोठा चेहरा आला.

“अवो, मालक घरीच हायेत!” ती ओरडली.

“माकड हाय ते!”

“असंना का! ह्या बंगल्यात म्या पैल्यांदाच कुणी बगितलं!”

* * *

पन्हळीत काय सापडेल, याचा नेम नसतो. एकदा लाल रबरी चेंडू निघाला. बाळूने मालकांना मुंबईला फोन लावला.

“फेकून द्या हो! मुलं आता कॅनडात असतात!”

बाळूने तो फेकला नाही. व्हरांड्यात, दारासमोर ठेवला. पुढच्या वर्षी गेला तर चेंडू तिथेच.

“जरा सरकला बी न्हाई,” बाळू म्हणाला. “वारं बी खेळलं न्हाई त्येच्यासंगं!”

* * *

या धंद्यात एक नेम आहे. शिडी घरच्यानं धरायची, आणि वरचा माणूस खाली येईस्तोवर घरच्यानं जागचं हलायचं नाही. बाळूचे वडील कौले शाकारत, तेव्हापासूनचा हा दंडक. मी याला निव्वळ सुरक्षेचा नियम मानत नाही. वर गेलेल्याने आपला जीव यजमानाच्या हाती द्यावा आणि यजमानाने तेवढा वेळ घरातली सगळी कामे सोडून त्याच्यापाशी थांबावे, हा पाहुणचाराचाच एक प्रकार आहे. माझ्याकडे शिडी मीच धरतो. दुसरे कोणी नाही.

एका बंगल्याच्या मालकीणबाई एका हाताने शिडी आणि दुसऱ्या हाताने फोन धरून उभ्या होत्या. वरून बाळू म्हणाला, “बाई, दोनी हात लावा. फोन पडला तर दुसरा मिळतोय!”

* * *

हा नेम सर्वांत निष्ठेने पाळला तो आबांनी. धरणाच्या बाजूच्या शेवटच्या बंगल्याचे ते राखणदार. बायको गेली, मुलगा तळेगावच्या कारखान्यात, “येतो, येतो” म्हणणारा. मालक दिवाळीतही फिरकत नाहीत. वर्षातून एक दुपार बाळू पन्हळीशी असायचा आणि आबा शिडी धरून वर पाहत बोलत राहायचे. गेलेल्या बायकोच्या हातचे कालवण, गुडघ्याचे दुखणे, तळेगावचा नातू. वरून पाल्याबरोबर उत्तर पडायचे, “व्हय आबा.”

रोबो आला त्या वर्षी बाळू वर गेला आणि लगेच उतरला. शोभाने बटण दाबले. आबा बघतच राहिले.

“आरं, मंग म्या काय धरू?”

“काय बी नगं आबा. निवांत बसा!”

“वरीसभर निवांतच बसतुय की!”

यंत्राचे काम झाल्यावर आबा म्हणाले, “बाळू, कोपऱ्यात येकदा डोकावून ये. यंत्राला कोपरा कळत न्हाई.” बाळू डोकावून आला. कोपरा लख्ख होता. पुढच्या वर्षी आबांना दोन कोपऱ्यांची शंका आली!

* * *

शेवटचा किस्सा याच वर्षीचा. याचा एकच पाठ आहे, शोभाचा. बाळू तो सांगत नाही. तिने सांगायला घेतला की अंगणात जाऊन उभा राहतो.

आबांच्या बंगल्याच्या मालकांनी आता स्वतःचा रोबो घेतला आहे. तो कायमचा पन्हळीतच राहणार आणि मालक तो मुंबईहून फोनवर चालवणार. तो बसवून देण्यापुरते या दोघांना बोलावले होते. पुन्हा यायचे कारण उरले नव्हते. हे आबांना फोनवर कळले होते. तरी त्यांनी धुतलेला सदरा घातला होता आणि शिडी आधीच भिंतीला लावून ठेवली होती.

बाळू चढला. रोबो ठेवून खाली आला. मुंबईहून कुणीतरी बटण दाबले आणि यंत्र आपोआप चालू लागले.

“झालं?” आबांनी विचारले.

“झालं, आबा.”

“कोपरं?”

“त्यो समदं करतोय आता.”

आबांचे दोन्ही हात शिडीवरच होते. शोभाने पिशवी उचलली. यंत्र पन्हळीच्या टोकापर्यंत जाऊन परत आले आणि थांबले. पन्हळ स्वच्छ झाली होती.

बाळूने चप्पल पुन्हा काढली. शिडी चढला आणि छपराच्या कडेवर, पाय खाली सोडून बसला.

“हां आबा,” तो वरून म्हणाला. “नातवाचं काय सांगत हुता?”

शोभाने पिशवी खाली ठेवली आणि चहाचे आधण ठेवायला आत गेली.